माझ्या वाटचा उपकार

आमच्या मंडळीत साक्ष द्यायची एक ठरलेली चाल आहे. आजारी पडले, डॉक्टरांनी हात टेकले, प्रार्थना केली, बरी झाले, प्रभूची स्तुती असो. मग टाळ्या, मग चहा. पाळकबाई कधीच्या माझ्या मागं लागल्यात, "आजी, तुमची साक्ष एकदा लिहून द्या." मी देत नव्हते, कारण माझी साक्ष या चालीवर बसत नाही. मधेच वाकडी होते, लंगडते. माझ्यासारखीच.

आता लिहिते ती पाळकबाईंसाठी नाही. माझी नातसून स्नेहल हिच्यासाठी. तिच्या कमरेतली गादी सरकली आहे. डॉक्टरांनी तिला फळीवर उताणं झोपवलंय आणि ती छताकडं बघत दिवस ढकलते आहे. काल मी तिला म्हटलं, "देवाचे उपकार मान बाई, वर पंखा तरी फिरतोय." तिनं माझ्याकडं असं बघितलं, की पंखा थांबायचाच बाकी होता. म्हणाली, "आजी, तुम्हाला काय माहीत अडकून पडणं!"

मला काय माहीत? ऐक तर मग. नाहीतरी उठून जाता येणार नाही तुला.

गुडघ्याचं नाटक

तेव्हा आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. मोगलाई म्हणायचे लोक. परांड्याच्या पुढं, सीना नदीच्या अंगाला आमचं गाव. अप्पा, म्हणजे माझे वडील, मिशनच्या शाळेत मास्तर. शाळेला खोली एकच. आठवडाभर तिथं पाढे आणि रविवारी तिथंच उपासना. बोधही अप्पाच करायचे. त्यामुळं पाढा चुकला काय नि वचन चुकलं काय, छडी तीच.

मी तेव्हा दहाएक वर्षांची असेन. नाव रिबका, हाक रिबी. फार गुणी लेकरू होतं ते. पाणी आणायची वेळ झाली की त्याचं पोट दुखायचं, आणि घागरी भरून आल्या की तेच पोट गूळ मागायचं. म्हणून एका हिवाळ्यात माझा उजवा गुडघा खरोखर दुखायला लागला, तेव्हा माय म्हणाली, "पोटावरनं आता गुडघ्यावर उतरलीस व्हय?" मी पाय ओढत चालायला लागले. माय म्हणाली, "लंगडी खेळायची तर अंगणात जाऊन खेळ."

मग एके दिवशी विहिरीच्या वाटेवर मी खाली बसले ती उठलेच नाही. रडलेही नाही. न रडल्यानंच माय घाबरली. तिनं गुडघ्याला बिब्बा घातला. कातडी भाजली, फोड आले, दुखणं मात्र होतं तिथंच. अप्पांनी तेल लावून प्रार्थना केली. तेलाचा वास चांगला होता, एवढंच आठवतं.

माळवदावरून

आमच्याकडची घरं माळवदाची. म्हणजे वर लाकडं, त्यावर काटक्यांची किलचण आणि तिच्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. छप्पर सपाट, उन्हाळ्यात वर निजायला बरं. उजेडासाठी त्याला एक भोक ठेवतात, त्याला सवणं म्हणतात. शाळेच्या खोलीलाही सवणं होतं.

त्यामुळं अप्पांनी पांगळ्याची गोष्ट सांगितली ती आमच्या गावाला जशी कळली, तशी कौलारू घरांतल्या लोकांना कळायची नाही. चौघं मित्र एका पांगळ्याला बाजेवर घालून येशूकडं आणतात. दारात ही गर्दी. मग ते माळवदावर चढतात, माळवद उकरतात आणि बाज थेट येशूपुढं सोडतात. येशू म्हणतो, ऊठ, बाज उचल आणि घरी जा. तो उठतो, बाज उचलतो आणि जातो.

मागं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मास्तर, माळवद मागनं कुनी नीट केलं?" अप्पांनी घाईनं पुढचं गीत काढलं.

रिबीकडं मात्र सगळी उत्तरं होती. तिला कळलं की गुडघा बरा झाला नाही तो प्रार्थना खालून केल्यामुळं. वरून करायला हवी होती. छप्पर मधे आलं की देवाला नीट ऐकू जात नसणार.

ज्वारी निघाली की आमच्यात पिकाची उपकारस्तुती असते. ज्याच्या रानात जे पिकलं त्यातलं पहिलं देवापुढं आणून ठेवायचं. कणसांच्या पेंढ्या, हरभरा, भोपळे, एखादी पाय बांधलेली कोंबडी. त्या वर्षी त्या दिवशी मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई येणार होत्या. उपासना झाल्यावर आजारी माणसं बघणार होत्या. मायचा धाकटा भाऊ, दान्यामामा, मोट हाकायचा. तो आणि त्याचे तीन सोबती मला बाजेवर घालून शाळेपाशी घेऊन आले. दारात गर्दी होतीच, पण मुंगी शिरणार नाही अशी काही नव्हती.

मी म्हटलं, "मामा, मला माळवदावरनं सोड."

"खुळी का काय? दार हाय की हितं."

"दारातनं गेलेला बरा झाला, असं अप्पांनी न्हाय सांगितलं."

मामानं सोबत्यांकडं बघितलं. "पोरगी म्हणती त्यात चूक काय हाय, सांगा?"

एकजण म्हणाला, "सवण्यातनं बाज जायची न्हाय."

"मंग बाज ऱ्हाऊ दे वर. पोरगी जाईल की. सवणं जरा मोठं करू."

हे चौघे वीस-बावीस वर्षांचे बाप्ये. दहा वर्षांच्या पोरीनं त्यांना वेडं केलं, की त्यांच्या मनात ते आधीच होतं, हे मला अजून कळलेलं नाही. पण मामाची पहार मातीत बसली तेव्हा त्याचे ओठ हलत होते. तो प्रार्थना करत होता.

खाली अप्पा डोळे मिटून म्हणत होते, "हे प्रभू, वरून तुझा आशीर्वाद आमच्यावर ओत." तेवढ्यात वरून पांढरी माती ओतली गेली. भोपळ्यांवर, कणसांवर, डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्या पातळावर. कोंबडीचे पाय कसे सुटले कोण जाणे, ती कलकलाट करत अप्पांच्या पुस्तकावर बसली. आणि मोटेच्या नाड्याला, म्हणजे जाड दोराला, बांधलेल्या गोधडीत बसून मी खाली उतरले.

अर्धीच उतरले. नाड्याची गाठ किलचणीत अडकली. मामा वरून हिसडे देत होता आणि मी गरगर फिरत होते. ना वर, ना खाली. सगळी मंडळी तोंड वर करून माझ्याकडं बघत होती. पुढं पुष्कळ महिने मी जिथं राहणार होते, ते ठिकाण मला देवानं त्या दिवशी आधीच दाखवून ठेवलं, असं मी पुढं लोकांना सांगायची. तेव्हा मात्र मी फक्त किंचाळत होते.

डॉक्टरीणबाई केसांतली माती झटकून म्हणाल्या, "आधी मुलीला खाली घ्या. कुणीतरी टेबल आणा. प्रार्थना मग करू." त्या नगरकडच्या, बोलणं पुस्तकासारखं सरळ. मला टेबलावर निजवलं. त्यांनी गुडघ्याला बोटसुद्धा लावलं नाही. वर खुब्यात दाबलं, आणि माझी किंकाळी सीनेपलीकडं गेली असेल.

"गुडघा चांगला आहे हिचा," त्या म्हणाल्या. "दुखणं इथं वर आहे."

सगळे थांबले होते. मी दोन्ही हात टेकून तयार झाले. आता 'ऊठ' म्हणाल्या की उठायचं आणि मामाला वरून बाज टाकायला सांगायची.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला उठू देऊ नका. आजपासून हिचा पाय जमिनीला लागता कामा नये."

मी वर बघितलं. भोकातून मामाचं तोंड दिसत होतं, उघडं. गोष्ट उलटीकडून लागली होती.

हाडाचा क्षय, असं त्यांनी माय-अप्पांना बाजूला घेऊन सांगितलं. लांबच्या माळावर त्यांचा दवाखाना होता. तिथं ठेवावं लागेल, प्लास्टरमध्ये घालावं लागेल. चालेल का, असं अप्पांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "आत्ता सांगता येत नाही." माय त्या दिवशी माझ्या गुडघ्यावरचे बिब्ब्याचे फोड तेवढे पदरानं पुसत राहिली, पुसून जाणार असल्यासारखे.

याला सवणं नव्हतं

बैलगाडीनं मुक्काम करत करत आम्ही दवाखान्यात पोचलो. ढोकीच्या अलीकडं, माळावर. जवळून छोटी आगगाडी जायची. ती दिसायची नाही, शिटी ऐकू यायची. रोज कुणीतरी कुठंतरी चाललंय, एवढं सांगून जायची.

प्लास्टर ओलं असताना ऊबदार होतं. मला वाटलं, माय लहानपणी दुपट्यात गुंडाळायची तसंच असणार. वाळलं तेव्हा कळलं. छातीखालून सुरू झालेलं ते उजव्या पायाच्या बोटांपर्यंत आणि डाव्या गुडघ्यापर्यंत गेलं होतं. मधे जेवढं उघडं ठेवणं भाग असतं तेवढं उघडं. दोन्ही पायांच्या मधे एक आडवी काठी, मला उचलून उलटी करायला. मुठीसारखी. मी म्हणजे एक भांडं झाले होते.

आणि वर पत्र्याचं छत. त्याला सवणं नव्हतं.

स्नेहल, तुला जे वाटतं ते मला माहीत आहे. माणसं येतात, त्यांची हनुवटी आधी दिसते. माशी नाकावर बसते आणि तिला तुझ्यापेक्षा जास्त मुभा असते. पत्रा तापला की घाम प्लास्टरच्या आत उतरतो आणि तिथंच राहतो. एकदा मी उताणी गूळ खाल्ला, त्याचा चुरा आत गेला. मागोमाग मुंग्या गेल्या. त्या दिवशी मी देवाला ज्या शिव्या दिल्या, त्या मी कुठं शिकले होते याचा शोध अप्पांनी घ्यायला हवा होता.

मरायची भीती वाटायची का, असं मला पुष्कळांनी विचारलं. दहा वर्षांच्या पोरीला मरण म्हणजे काय कळतं? मला भीती वाटायची ती विसरली जायची. मला वाटायचं, गाव हळूहळू माझ्यावाचून चालायला शिकेल.

पहिले काही आठवडे माय होती. व्हरांड्याबाहेर तीन दगडांची चूल मांडायची. तिथंसुद्धा भाकरीच्या पिठातली एक मूठ देवाची म्हणून बाजूला काढायची. मी आतून ओरडायची, "देवाला भाकरी लागत न्हाय, मला लागती!" ती म्हणायची, "त्येची त्येला, तुझी तुला." पण घरी माझा तान्हा भाऊ होता. तिला जावं लागलं. जमेल तशी ती यायची, राहायची, परत जायची. निघताना कधी मागं वळून बघायची नाही. मला राग यायचा. आता स्वतःची लेकरं झाल्यावर कळतं. वळली असती तर गेली नसती.

संध्याकाळची पाळी

आमच्या खोलीवर सुगंधाबाई नावाच्या नर्स होत्या. उंच, कोरड्या, चपलांचा आवाज न करता चालणाऱ्या. कंदील लावायच्या वेळेला त्या प्रार्थना घ्यायच्या. रीत अशी, की एकेका खाटेशी थांबायचं आणि त्या खाटेवरच्या बाईनं आजचा एक उपकार देवाला सांगायचा. कालचा आज चालत नसे. आणि मागणं तर मुळीच चालत नसे. "मागायला दिवसभर आहे," असं म्हणायच्या.

रिबीचे उपकार ऐकण्यासारखे असायचे. "देवा, सुगंधाबाई आज दुपारी झोपल्या, त्याबद्दल तुझे उपकार." "देवा, डाळीत आज खडा सापडला, म्हणजे डाळ खरीच होती, त्याबद्दल उपकार." खोली तोंडाला पदर लावून हसायची. सुगंधाबाई हसायच्या नाहीत. "आमेन," म्हणून पुढच्या खाटेकडं.

पावसाळ्यात शेजारच्या खाटेवर नीलव्वा आली. लोहाऱ्याकडची, लिंगायत, चांगली थोराड शेतकरीण. चिखलात घसरून मांडीचं हाड मोडलेलं आणि जुळता जुळत नव्हतं. पायाला दोरी, दोरीला खाटेच्या टोकावरून विटा लोंबत होत्या. तिनं आल्याआल्या माझ्याकडं बघून विचारलं, "यवा, तुला कुनी भिंतीत चिनली ग?" पोरीबाळींना ती यवाच म्हणायची.

पहिल्या संध्याकाळी सुगंधाबाई तिच्या खाटेशी थांबल्या आणि म्हणाल्या, "तुमची इच्छा असली तर. बळजबरी नाही." नीलव्वानं गळ्यातलं लिंग डोळ्यांना लावलं. "माझं म्या माझ्या शिवाला सांगीन. चालंल का?"

"चालेल."

"तुमच्यानं ऐकलं तर?"

"ऐकू द्या."

"मंग दोघंबी ऐकतील. बरंच की."

हाडाच्या रोग्यांना रोज अंडं मिळायचं. नीलव्वा अंड्याकडं बघायचीसुद्धा नाही. तिच्या वाटचं अंडं मला मिळायला लागलं. शिवाय तिनं मला एक मोठी विद्या दिली. तिच्या लेकाला सांगून तिनं ज्वारीचं एक लांब, सोललेलं चिपाड मागवलं आणि ते प्लास्टरच्या आत कसं सारायचं ते दाखवलं. पाठीवर जिथं खाजत होतं तिथं ते पोचलं, तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा न हसता म्हणाले, "देवा, चिपाडाबद्दल तुझे उपकार." तरी खोली हसलीच. ज्यानं लांडगा लांडगा केला, त्याचं असंच होतं.

दुसरं प्लास्टर

दिवाळीच्या सुमाराला प्लास्टर कापायचं ठरलं. रिबीनं खोलीभर जाहीर केलं की ती उठून चालणार आहे. मामाला निरोप धाडला की बाज घेऊन ये, मला उचलायची आहे. माय आली होती, नवं परकर-पोलकं घेऊन.

मोठ्या कात्रीनं ते कवच फोडलं. आत माझा पाय होता असं सगळे म्हणाले. मला तो ओळखता आला नाही. खवलं निघालेला, बारीक, कुणा दुसऱ्याचा. डॉक्टरीणबाईंनी खुबा दाबला. मी दात आवळले, पण तोंडातून 'आई' निघालंच. त्या सुगंधाबाईंना म्हणाल्या, "पट्ट्या भिजवा."

नवं प्लास्टर संध्याकाळपर्यंत वाळलं. परकर-पोलकं मायनं परत पिशवीत घातलं.

कंदील लागले. सुगंधाबाई माझ्या खाटेशी थांबल्या. मी म्हणाले, "आजपासून माझ्याकडनं न्हाय. आधी त्यानं उठवावं, मग मी उपकार मानीन. आधी न्हाय."

माय बाहेर व्हरांड्यात होती. तिनं ऐकलं. तिची भाकरी थापायचा आवाज थांबला.

मला वाटलं आता बोलणी बसणार. सुगंधाबाई म्हणाल्या, "बरं. पण पाळी मोडता येत नाही. तुझ्या वाटचा कोण म्हणेल?"

शेजारून आवाज आला, "म्या म्हनते. माझा एक, पोरीचा एक."

"तुझा मला नको!" मी ओरडले.

नीलव्वानं लिंग डोळ्यांना लावलं आणि मोठ्यानं म्हणाली, "देवा, या पोरीचं समदं आंग बांधलं, पर त्वांड बांधलं न्हाय. त्येचे उपकार. न्हायतर आमी हितं कंटाळून मेलो असतो."

सुगंधाबाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. मी भिंतीकडं तोंड फिरवलं; मान तेवढी फिरत होती.

मग ते रोजचंच झालं. तिच्या वाटचं अंडं मी खायची, माझ्या वाटचा उपकार ती म्हणायची. "पोरीनं आज भाकरी पुरी खाल्ली." "पोर आज रडली, पर आवाज न करता रडली, शानी झाली." मी दिवसभर लपवून ठेवलेलं ती संध्याकाळी देवाला मोठ्यानं सांगायची. मला तिचा राग यायचा आणि दुपार कलली की मी वाट बघायची, आज ही माझ्यात काय शोधून काढते म्हणून.

मोकळ्या खाटा

मग तो काळ आला, ज्याला आमच्याकडं रझाकाराचा टाइम म्हणतात. ज्यांनी तो बघितला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही बघितला त्यांना माझ्यासारखी छताकडं बघत पडलेली पोरगी काय सांगणार? मला फक्त माणसांचे आवाज बदललेले कळत होते. सगळे हळू बोलायला लागले. माय यायची थांबली. मग कुणीतरी सांगितलं की परांड्याकडची पुष्कळ माणसं सीना ओलांडून पलीकडं, निजामाच्या हद्दीबाहेर गेली. माय-अप्पा त्यांत आहेत का, ते कुणालाच माहीत नव्हतं.

ज्यांना चालता येत होतं, त्या एकेक करून घरी गेल्या. कुणीतरी डॉक्टरीणबाईंना म्हणालं, तुम्हीही जा. त्या म्हणाल्या, "न चालणाऱ्यांना टाकून चालणाऱ्यांनी जायचं, ही कुठली रीत?"

एके दिवशी दुपारी नीलव्वाचा लेक गाडी जुंपून आला. तिचं हाड आता बरंच जुळलं होतं, काखेत काठी घेऊन ती उभी राहायची. आयुष्यात पहिल्यांदा मला ती उभी असताना जवळून दिसली. केवढी उंच होती!

"जाऊ नकोस," मी म्हटलं.

ती माझ्या खाटेशी टेकली. "खोटं कशाला बोलू, यवा? मला जायचंय. घर लई आठवतंय. तुला सोडवत न्हाय, हेबी खरं हाय. दोन्ही खरं हाय."

"मग संध्याकाळचं माझं कोण म्हणणार?"

"तुझं तू म्हन. आन माझंबी म्हन. म्या तुझं येवढ्या दिसाचं म्हनलं की न्हाय?" तिनं चिपाड माझ्या उशाशी नीट ठेवलं, माझ्या कपाळावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली आणि गेली. काठीचा आवाज व्हरांड्यातून लांब लांब गेला. मग गाडीचा. मग काहीच नाही.

कंदील लावायची वेळ झाली. सुगंधाबाई आल्या. खोलीत मी आणि दाराशी एक गुंगीतली म्हातारी, एवढ्याच. तरी त्या पहिल्या खाटेपासून सुरू झाल्या. रिकाम्या खाटेशी थांबायच्या, डोळे मिटायच्या, पुढं यायच्या. नीलव्वाच्या खाटेशी थांबल्या.

मी म्हणाले, "तिचा मी म्हणते." आणि घाईनं सुरुवात केली, "देवा, नीलव्वाला नीट घरी पोचव..."

"ते मागणं झालं," सुगंधाबाई म्हणाल्या. "उपकार म्हण."

असल्या दिवशीसुद्धा! मला तेव्हा त्यांचा केवढा राग आला. पण तो नेम होता म्हणून मी विचार करायला लागले, आणि विचार करताना रडू जरा मागं सरलं. "नीलव्वाचा लेक तिला न्यायला आला, त्याबद्दल तिच्या वाटचे उपकार."

"आमेन. आणि तुझा?"

मी छताकडं बघितलं. छत तेच. पाय तोच. मायचा पत्ता नाही. मी मनाच्या सगळ्या कोपऱ्यांत हात घालून बघितला, काही सापडेना. सुगंधाबाई उभ्याच. मग आपसूक तोंडातून निघालं, "नीलव्वा माझा म्हणत होती, त्याबद्दल."

सुगंधाबाईंनी पुढच्या खाटेकडं जायचं ते त्या माझ्याच खाटेच्या कडेला बसल्या. आजवर त्या कधी बसल्या नव्हत्या. म्हणाल्या, "माझा राहिलाय. देवा, ही पोर बोलली, त्याबद्दल." आणि कंदिलाची वात उगीचच वरखाली करत बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्यांच्या पाळ्या म्हणायला लागले. गेलेल्या बायकांच्या, अप्पांच्या, मामाच्या आणि मायची. "माय कुठंतरी भाकरी थापत असेल, आणि एक मूठ बाजूला काढत असेल, त्याबद्दल तिच्या वाटचे उपकार." माझी त्यात एक वकिली होती. मेलेल्या माणसाच्या वाटचा उपकार म्हणता येत नाही. मी मायचा म्हणते आहे. म्हणजे माय जिवंत असलीच पाहिजे. देवाला यातून सुटायला मी वाट ठेवली नव्हती. मी अडकले होते ना, मग त्यालाही अडकवला.

आज मी या पोरीची टर उडवते, पण या एका गोष्टीपुरती उडवत नाही. एवढा घट्ट विश्वास मला पुन्हा कधी जमला नाही.

बाज

पुढच्या पावसाळ्यात प्लास्टर निघालं आणि या खेपेला पट्ट्या भिजवल्या नाहीत. खुबा दुखत नव्हता, पण वळतही नव्हता. पाय आखूड राहिला होता. सुगंधाबाईंनी मला भिंतीला धरून उभी केली. सगळं जग खाली गेलं. मी पाऊल टाकलं आणि आपटले. मग पुन्हा. चमत्कार असा झाला, सावकाश, आपटत, शिव्या देत.

पोलीस ॲक्शन होऊन वाटा मोकळ्या झाल्या, तेव्हा माय आली. ती नदीपलीकडंच होती; अप्पा, भाऊ, सगळे धड होते. मामा मागून गाडीतली बाज उतरवत होता, मला घालून न्यायला. माय खोलीत शिरली ती थेट माझ्या खाटेकडं गेली. खाट मोकळी. तिच्या तोंडाचा रंग उडाला.

"माय," मी म्हटलं. मी तिच्या मागं, दाराशी उभी होते.

ती वळली. माझ्याकडं, माझ्या पायांकडं बघत राहिली. मग ती म्हणाली, "रिबे, नाटक करतीस, का खरंच उभी हाईस?"

मी मामाला म्हटलं की बाज मी उचलणार. मामा म्हणाला, "बाज तुझ्यापरीस मोठी हाय." शेवटी तीन खूर त्यानं आणि मायनं धरले, एक मी धरला. दारापासून गाडीपर्यंत. सुगंधाबाई व्हरांड्यात उभ्या होत्या. मी ओरडून सांगितलं, "बघा, उचलली!"

त्या म्हणाल्या, "संध्याकाळी घरी सांग. पाळी चुकवू नकोस."

शाळेचं माळवद मामानं केव्हाच बुजवलं होतं, पण तो मोट हाकणारा, गवंडी नव्हे. दर पावसाळ्यात तिथंच गळायचं. उपासनेला त्या जागी कुणी बसत नसे. म्हाताऱ्याला त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं : माळवद कुणीच धड नीट केलं नाही. नीलव्वा मला पुन्हा भेटली नाही. लोहाऱ्याकडचं कुणी दिसलं की मी अजून विचारते. तिच्या वाटचा मात्र मी कधी चुकवला नाही.

तर स्नेहल, ही माझी साक्ष. मी लंगडत गेले आणि लंगडतच आले. तुझं लवकर बरं होईल का, ते मला माहीत नाही, डॉक्टरांना विचार. आणि काल मी तुला उपकार मान म्हटलं ते मागं घेते. पडलेल्या माणसाला ते सांगायचं नसतं. त्याच्या वाटचं आपण म्हणायचं असतं, तो पुन्हा म्हणू लागेपर्यंत. म्हणून आज दिवेलागणीला तुझ्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून मी बसणार आहे. तू भिंतीकडं तोंड फिरवलंस तरी चालेल.

पहिला तर ठरलेलाच आहे. देवा, आमच्या स्नेहलची कंबर बांधली, तोंड बांधलं नाही.